टेक्सासची करवत श्टुटगार्टला न्यावी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे पुण्याचे, १० वर्षं टेक्सासात होतात, आता कंपनी श्टुटगार्टला पाठवतेय. गॅरेजमध्ये हौसेनं जमवलेली सुतारकामाची मशिनं आहेत. १० इंची टेबल सॉ (टेबलातून पातं वर येणारी करवत) आणि तिचा डॅडो सेट (रुंद खाच पाडायचा जाड पात्यांचा संच), लाकडाला खाचा पाडणारा राउटर, सव्वासात इंची सर्क्युलर सॉ, ग्राइंडर, उभं ड्रिल मशीन, २० व्होल्टचा कॉर्डलेस संच आणि एक शॉप व्हॅक, म्हणजे भुसा ओढणारा मोठा व्हॅक्यूम क्लीनर. तुम्ही विचारताय, ३००० वॉटचा एक ट्रान्सफॉर्मर घेतला की सगळं चालेल ना? आणि युरोपातली मशिनं जास्त सुरक्षित म्हणतात ते खरं, की नुसते कागदी घोडे?

मी ९ वर्षं न्यू जर्सीतल्या एका कॅबिनेट शॉपमध्ये होतो आणि गेली १२ वर्षं बव्हेरियातल्या एका सुतारकारखान्यात मशिनांची देखभाल बघतो. दोन्हीकडच्या करवतींनी माझी दहाही बोटं शाबूत ठेवलीत, त्यामुळे माझं कुणाशी वैर नाही.

पण ट्रान्सफॉर्मर हा तुमचा खरा प्रश्नच नाही. व्होल्टेज हा या सगळ्यातला सर्वांत सोपा फरक, चार पैसे टाकले की मिटणारा. न मिटणारा फरक मशिनाच्या घडणीत असतो. पातं बसतं तो दांडा किती लांब ठेवायचा, स्विच कसला द्यायचा, बंद केल्यावर पातं किती वेळात थांबलं पाहिजे, हे सगळं ज्या देशाच्या नियमांसाठी ते बनवलं त्या नियमांनी ठरवलेलं असतं. अमेरिकेच्या नियमांनी धोका सांभाळायचं काम बरंचसं चालवणाऱ्यावर सोडलंय, युरोपच्या नियमांनी ते बनवणाऱ्याच्या गळ्यात घातलंय. ट्रान्सफॉर्मरनं ते बदलत नाही.

तरी विजेचं आधी उरकू. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, जर्मनीत २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. तुमच्या यादीत दोन जातीच्या मोटरी आहेत. राउटर, सर्क्युलर सॉ, ग्राइंडर आणि व्हॅक यांच्यात कार्बन ब्रशची मोटर असते. तिला हर्ट्झशी देणंघेणं नसतं, व्होल्टेज बरोबर मिळालं की झालं. १५ अँपिअरचं मशीन १२० व्होल्टवर १८०० वॉट ओढतं आणि सुरू होताना त्याहून बरंच जास्त, म्हणून ३००० वॉटचा तुमचा हिशोब बरोबर आहे. फक्त ट्रान्सफॉर्मर लोखंडाचा, जड, खराखुरा घ्या. विमानतळावर मिळणारे चिमुकले 'ट्रॅव्हल कन्व्हर्टर' हेअर ड्रायरसाठी असतात. स्पीड कंट्रोल असलेला राउटर त्यावर लावलात तर आतला इलेक्ट्रॉनिक्सचा तुकडा गेलाच म्हणून समजा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ट्रान्सफॉर्मर आयसोलेशनचा, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तारा एकमेकींना न जोडलेला, असेल तर घरातला ३० मिलीअँपिअरचा गळतीचा ब्रेकर त्याच्या पलीकडच्या बाजूवर लक्ष ठेवू शकत नाही. टेक्सासच्या गॅरेजमधला तुमचा जीएफसीआय, म्हणजे तिकडचा गळतीचा ब्रेकर, ५ मिलीअँपिअरच्या आसपास पडायचा. इथे ट्रान्सफॉर्मरपलीकडे ते संरक्षण गृहीत धरू नका.

दुसरी जात इंडक्शन मोटरची. उभं ड्रिल मशीन, कॉम्प्रेसर आणि मोठ्या टेबल सॉ यांच्यात ती असते. तिचा वेग हर्ट्झला बांधलेला असतो. पाटीवर १७२५ फेरे लिहिलेली मोटर ५० हर्ट्झवर साधारण १४२५ फिरते. वेग कमी झाला तर झाला, बेल्ट बदलून भरून काढता येतो. पण व्होल्टेज तेच आणि हर्ट्झ कमी, म्हणजे मोटरच्या लोखंडात चुंबकीय भार साधारण २० टक्क्यांनी वाढतो आणि ती तापते. मी स्वतः न्यू जर्सीतून ड्रिल मशीन आणलं होतं. ट्रान्सफॉर्मर लावला, चाललं, खूश झालो. अर्ध्या तासानं मोटरवर हात ठेवला तर तो तिथे टिकेना, आणि गरम वार्निशचा तो ओळखीचा वास यायला लागला. मग १२० ऐवजी १०० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर शोधला तेव्हा ती शांत झाली. ताकद मात्र गेली ती गेलीच. त्या सगळ्या खटाटोपाच्या खर्चात इथे जुनं, बऱ्यापैकी ड्रिल मशीन आलं असतं.

कुणी तुम्हाला असंही सांगेल की 'अरे, इंग्लंडात बांधकामावर ११० व्होल्टच वापरतात, तिकडचा पिवळा ट्रान्सफॉर्मर घे.' तो ट्रान्सफॉर्मर खरा आहे आणि कल्पना उत्तम आहे. त्याची गुंडाळी मधोमध जमिनीला (अर्थिंगला) जोडलेली असते, त्यामुळे कुठल्याही एका तारेला हात लागला तरी जमिनीशी फरक ५५ व्होल्टचाच. पण त्याचं पिवळं गोल सॉकेट अमेरिकन प्लगला घेत नाही, ५० हर्ट्झ तो बदलत नाही, आणि असे बरेचसे ट्रान्सफॉर्मर थांबून थांबून वापरण्यासाठी असतात, सलग चालणाऱ्या व्हॅकसाठी नाही.

वॉटवरून शॉप व्हॅकची गंमत आठवली. तुमच्या व्हॅकवर 'साडेसहा पीक हॉर्सपॉवर' असं लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, म्हणजे साडेसहाचे झाले ४८५० च्या आसपास. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून एकूण निघतात १८०० वॉट. उरलेले ३००० कुठून येतात ते ज्यानं डब्यावर छापलं त्यालाच विचारा. युरोपात मशिनावर विजेचे वॉट लिहितात, अमेरिकेत अँपिअर लिहितात, आणि 'पीक' हा शब्द दिसला की मी तो आकडा वाचतच नाही. इथलं १६ अँपिअरचं सॉकेट ३६८० वॉट देतं. म्हणूनच २४०० वॉटचा नऊ इंची ग्राइंडर इथे साध्या प्लगवर मिळतो आणि धूळ ओढणाऱ्या मशिनाच्या अंगावरच सॉकेट असतं. करवत सुरू केली की धूळयंत्र आपोआप सुरू. न्यू जर्सीत हीच जोडी एका सर्किटवर लावली की आमचा ब्रेकर दिवसातून चारदा पडायचा.

आता मापांकडे येतो. इथे आपल्या सुतारांची भाषा फार उपयोगी पडते. आपल्याकडे एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अमेरिकेची सगळी हत्यारं सुताच्या हिशोबात बसतात. टेबल सॉच्या पात्याचं भोक पाच सूत, राउटरचा दांडा दोन सूत किंवा चार सूत. युरोपात पात्याचं भोक सहसा ३० मिलिमीटर आणि राउटरचे दांडे ६, ८, १२ मिलिमीटर. पात्याची अडचण निदान उघड दिसते. पाच सूत म्हणजे १५.९ मिलिमीटर, आणि तेवढ्या भोकाचं दहा इंची चांगलं पातं जर्मन दुकानात सहज मिळत नाही. ३० चं पातं रिंग टाकून बसवता येतं, पण एवढ्या मोठ्या पात्यासाठी मला रिंगवर विसंबणं आवडत नाही.

राउटरची अडचण मात्र लपलेली असते, म्हणून ती जास्त वाईट. चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर. १२ चा बिट त्या मापाच्या कॉलेटमध्ये, म्हणजे बिटचा दांडा आवळून धरणाऱ्या चिरा पाडलेल्या नळीत, जातो, नट आवळला की घट्टही वाटतो. माझ्या एका सहकाऱ्यानं ओकच्या फळीला खाच पाडताना नेमकं हेच केलं होतं. पहिल्या फुटभर खाच बरोबर होती. पुढे ती हळूहळू खोल होत गेली, कारण बिट कॉलेटमधून घसरत खाली उतरत होता. त्यानं आवाज बदललेला ऐकला आणि स्विच सोडला, म्हणून फक्त फळी गेली. दोन सूत म्हणजे ६.३५, त्याच्यात ६ चा बिट घालण्याचा मोहही असाच. कॉलेट हा ड्रिलचा चक नाही. तो आपल्या मापापेक्षा मिलिमीटरच्या दशांशानं आवळतो, अर्ध्या मिलिमीटरनं नाही. तुमच्या राउटरला कंपनीचं ८ किंवा १२ चं कॉलेट मिळत असेल तर तेवढं आणा आणि प्रत्येक कॉलेटवर रंग लावून ठेवा. मी मिलिमीटरवाल्यांना निळा लावलाय.

ग्राइंडरचं एक वाक्यात : चकतीचं भोक दोन्हीकडे २२.२ मिलिमीटर, पण दांड्याचे आटे वेगळे. अमेरिकेत पाच सुताचे, इंचाला ११ आटे. युरोपात १४ मिलिमीटरचे. चकत्या चालतील, पण कप ब्रश, नट आणि हिऱ्याचे कप बदलावे लागतील. अमेरिकन कप युरोपीय दांड्यावर ढिला सरकतो आणि 'जवळजवळ बसलाय' असं वाटतं. तिथेच थांबायचं. आपल्याकडच्या चार इंची ग्राइंडरचा दांडा १० मिलिमीटरचा आणि चकतीचं भोक १६ चं, म्हणजे तिसरंच घराणं. त्यामुळे पुण्याहून मागवलेल्या चकत्या दोन्हीकडे निरुपयोगी.

आता टेबल सॉ. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमची सगळ्यात महाग वस्तू तीच आहे आणि दोन्हीकडच्या नियमांमधला फरक तिच्याइतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

न्यू जर्सीतल्या आमच्या सॉचं गार्ड कपाटात होतं, मूळच्या प्लास्टिक पिशवीत, सील न तोडलेलं. यात कुणाचा विशेष दोष नव्हता. जुन्या अमेरिकन सॉवर गार्ड आणि त्यामागची फाळ, जिला तिकडे स्प्लिटर म्हणतात, एकाच दांडीवर यायचं. खाच पाडायची असली की ते सगळं काढावं लागायचं, आणि एकदा काढलेलं परत कोण लावतो? फाळीचं काम साधं असतं : कापलेलं लाकूड मिटून पात्याच्या मागच्या दातांवर चढू नये. तसं चढलं की पातं ती फळी सरळ तुमच्या पोटाकडे फेकतं. मॅपलची अशी एक फळी मी घेतली आहे, ॲप्रनवर. तीन दिवस हसता येत नव्हतं.

युरोपात पूर्वीपासून रायव्हिंग नाइफ असतो. ही फाळ पात्याबरोबरच वरखाली होते आणि त्याच्या किंचित खाली राहते, त्यामुळे खाच पाडतानाही काढावी लागत नाही. अमेरिकेत ही पद्धत यूएल या तपासणी संस्थेच्या नियमांत २०१० च्या सुमाराला नव्या सॉवर आली. तुमची सॉ त्यानंतरची असेल तर तिच्यावर ती असणार, आणि हा मोठा दिलासा आहे. पण इथलं पातं लावायचं तर फाळीवर कोरलेली जाडी वाचा. फाळ पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा बारीक हवी. अमेरिकेतली बारीक पाती साधारण २.४ मिलिमीटरची चीर पाडतात. त्यांच्यामागे २.५ ची फाळ आली तर लाकूड अर्ध्यात अडकून बसतं, आणि माणूस पुढे ढकलायला जोर लावतो. अपघात होतो तो त्या जोरानं.

मग थांबण्याचा वेळ. युरोपीय सॉवर स्विच बंद केल्यावर पातं १० सेकंदांत थांबलं पाहिजे. न्यू जर्सीत आम्ही बटण दाबायचो आणि पातं गुणगुणत राहायचं. उन्हात चमकलं की ते फिरतंय की थांबलंय तेच कळायचं नाही, कानावर विसंबावं लागायचं. इथे पहिल्या आठवड्यात मी सवयीनं थांबलो होतो, आणि मास्तर विचारतो, कशाची वाट बघतोयस? पातं केव्हाच थांबलेलं.

डॅडो सेटचं हेच मूळ आहे. 'युरोपात डॅडोवर बंदी आहे' असं लोक ठणकावून सांगतात. तुम्हाला 'डॅडो बंद' असं कायद्यात कुठे लिहिलेलं सापडणार नाही. पण जड, अर्धा-पाऊण इंच जाडीचा सेट लावला की गार्ड आणि फाळ दोन्ही काढावी लागतात, वजनामुळे १० सेकंदांत थांबवणं अवघड होतं, आणि जोरात ब्रेक लावला तर नट सैल होण्याची भीती. एवढ्या अटी एकत्र सांभाळण्यापेक्षा कंपन्यांनी दांडाच आखूड केला. डॅडो बसूच शकत नाही, प्रश्न संपला. काही मोठ्या सॉवर खाचेच्या हत्याराची वेगळी सोय विकत मिळते, पण ती गार्डसकट.

मी आल्या आल्या डॅडो मागितला तेव्हा मास्तर हसला आणि मला दुसऱ्या मशिनाकडे घेऊन गेला. तिथे टेबलातून उभा दांडा वर येतो आणि त्याच्यावर कटर बसतो, जर्मनीत त्याला टिशफ्रेझं म्हणतात. त्यानं तळहातावर एक कटर ठेवला आणि बोटानं त्यावर कोरलेली तीन अक्षरं दाखवली : एम, ए, एन. म्हणजे हातानं लाकूड सरकवून वापरायला मान्य. त्याचं अंग जवळजवळ गोल होतं आणि दात त्याच्या बाहेर फक्त १.१ मिलिमीटर आलेले. एक दात एका वेळी एवढंच खातो, हात सरकला तरी ओढून नेत नाही. मला अमेरिकेतले मोठ्या तोंडाचे कटर आठवले, ज्यांच्या दातांमागे अंगठा मावेल एवढी मोकळी जागा असायची. या युरोपीय नियमाचं नाव ईएन ८४७-१, पण मला तो पाठ झाला तो त्या तीन अक्षरांमुळे. तेव्हापासून मी राउटरचा बिटसुद्धा ती अक्षरं बघितल्याशिवाय घेत नाही.

आणि स्विच. युरोपीय स्थिर मशीन वीज गेली की बंद होतं आणि वीज आली की आपोआप सुरू होत नाही, पुन्हा हिरवं बटण दाबावं लागतं. अमेरिकेत कामाच्या जागी ओशाचा, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याचा, तसा नियम आहे, पण घरगुती सॉवरचा मोठा लाल दांड्याचा स्विच बहुधा साधा असतो : चालू ठेवलात तर चालूच राहतो. श्टुटगार्टला वीज जात नाही म्हणा. पण लोडशेडिंगमध्ये पिठाची गिरणी चालवलेल्या माणसाला या एका बटणाची किंमत समजवावी लागत नाही.

मग अमेरिकन लोक निष्काळजी का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. यूएल, म्हणजे अंडररायटर्स लॅबोरेटरीज, ही संस्था १८९४ साली शिकागोत विमा कंपन्यांच्या गरजेतून निघाली. नावातला 'अंडररायटर' म्हणजे विमा उतरवणाराच. कोरी मशिनं त्यांच्या प्रयोगशाळेत तपासली जातात आणि नंतरही त्यांचे तपासनीस न सांगता कारखान्यात येतात. तिकडची व्यवस्था तपासणी, विमा आणि कोर्ट या तीन पायांवर उभी आहे. २०१० साली बॉस्टनमध्ये एका ज्यूरीनं टेबल सॉनं हात जखमी झालेल्या कामगाराला १५ लाख डॉलर देववले. बोट लागताच पातं थांबवणारं तंत्र उपलब्ध असताना ते बसवलं नाही, हा त्यातला मुद्दा होता. ते तंत्र काढणाऱ्या सॉस्टॉप कंपनीच्या लोकांनी ते सगळ्या सॉवर सक्तीचं करा म्हणून अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे २००३ साली अर्ज केला होता, आणि वर्षानुवर्षं त्यावर नुसता खल चालला.

उलट युरोपच्या मशिनांवरचं सीई चिन्ह बहुतेक वेळा बनवणारा स्वतःच लावतो. 'मी युरोपचे नियम पाळलेत' असं त्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र असतं ते. हातानं लाकूड सरकवायच्या करवतीसारख्या धोकादायक मशिनांसाठी जास्त कडक वाट आहे, पण साध्या ड्रिलवरचं सीई म्हणजे कुणी तिऱ्हाइतानं तपासलंय असं नाही. तिऱ्हाइताची तपासणी हवी तर जर्मन जीएस चिन्ह बघा. ते ऐच्छिक आहे आणि टीयूव्हीसारखी संस्था प्रत्यक्ष तपासून देते. स्वस्त ग्राइंडर घेताना मी सीईकडे बघतही नाही, जीएस शोधतो.

हातातल्या छोट्या मशिनांत मात्र दोन्ही किनारे जवळ आलेत. आयईसी ६२८४१ ही सुरक्षेच्या नियमांची एकच आंतरराष्ट्रीय मालिका युरोप ईएन म्हणून आणि अमेरिका यूएल म्हणून वापरते, थोड्या स्थानिक फरकांनी. त्यामुळे एकाच कंपनीच्या आजच्या ड्रिलमध्ये टेक्सास आणि श्टुटगार्ट यांच्यात प्लग आणि मोटरची गुंडाळी सोडून फारसं अंतर उरलेलं नाही. सर्क्युलर सॉमध्ये अजून दिसतं. इथल्या सॉला सहसा स्विच दाबण्याआधी अंगठ्यानं एक कुलूप सोडावं लागतं आणि तिच्यामागे फाळ असते. तुमच्या सव्वासात इंची अमेरिकन सॉवर बहुधा दोन्ही नसतील.

कागदपत्रांतला एक फरक मला मनापासून आवडतो. युरोपीय मशिनाच्या माहितीपुस्तकात कंपनाचा आकडा छापलेला असतो, मीटर प्रतिसेकंद वर्ग असा. कारण २००२ च्या युरोपीय निर्देशानुसार आठ तासांच्या सरासरीनं २.५ च्या वर मालकानं काहीतरी केलं पाहिजे आणि ५ च्या वर जाताच कामा नये. दिवसभर हॅमर धरणाऱ्याची बोटं थंडीत पांढरी पडतात, त्यासाठी हा नियम. अमेरिकेत हाताच्या कंपनावर ओशाची अशी मर्यादा नाही. धुळीच्या बाबतीत मात्र अमेरिका मागे नाही. सिलिकाची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, आणि २०१७ पासून बांधकामावर ती लागू आहे.

तुमच्या यादीतली एकच गोष्ट डोळे झाकून आणा, ती म्हणजे कॉर्डलेस संच. तुमची २० व्होल्टची आणि त्याच कंपनीची इथली १८ व्होल्टची बॅटरी बहुधा एकच. आत तेच पाच सेल. अमेरिकेत पूर्ण चार्जचा आकडा 'मॅक्स' म्हणून छापतात, युरोपात चालत्या कामाचा सरासरी आकडा. माझ्या जुन्या पिवळ्या अमेरिकन ड्रिलवर इथली बॅटरी सहज बसते. चार्जर तेवढा इथला घ्या, अमेरिकन चार्जर बहुधा १२० व्होल्टचाच असतो. सामानाचे कंटेनरवाले लिथियम बॅटऱ्या बहुधा नाकारतात, म्हणून त्या हातातल्या पिशवीतून न्या. १८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास, विमानाच्या १०० च्या मर्यादेत बसतं. ६ अँपिअर-तासाची बॅटरी १०८ होते, तिच्यासाठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच. प्रत्येकीच्या तोंडाला चिकटपट्टी लावा. मशिनं मात्र चेक-इनमध्ये.

आता यातलं काय कशावर अवलंबून आहे ते सांगतो. तुम्ही घरात, फक्त स्वतःसाठी काम करणार असाल तर तुमच्या तळघरात कुणी नियमावली घेऊन येणार नाही. पण भाड्यानं मिळणाऱ्या सामायिक वर्कशॉपमध्ये, किंवा हाताखाली एखादा मदतनीस ठेवून काम करणार असाल तर गोष्ट वेगळी. कामाच्या जागी अपघात विम्याची संस्था, वेळोवेळी विजेच्या उपकरणांची चाचणी आणि कागद आले, आणि सीई नसलेली, ब्रेक नसलेली टेबल सॉ तिथे उभीच राहू शकत नाही. ती इथे विकायला काढणं म्हणजे युरोपच्या बाजारात बिगर-सीई मशीन आणणं, म्हणून 'नाही जमलं तर तिकडे विकू' हा हिशोबही डोक्यातून काढा. दुसरं, तुमची सॉ २४० व्होल्टची असली तरी हुरळून जाऊ नका. तो ६० हर्ट्झचा २४० आहे आणि ती इंडक्शन मोटर माझ्या ड्रिलसारखीच तापेल. तिसरं, काही वर्षांनी पुण्याला परत यायचा विचार असेल तर इथे घेतलेली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची मशिनं तिकडे फक्त प्लग बदलून चालतील. टेक्सासची मशिनं तिकडेही ट्रान्सफॉर्मर मागतील.

माझा सल्ला विचाराल तर टेबल सॉ, डॅडो, सर्क्युलर सॉ, ग्राइंडर आणि व्हॅक तिथेच विका. अमेरिकेत जुन्या सॉला गिऱ्हाईक चटकन मिळतं. राउटर तुमच्या हाताला बसलेला असेल, त्याच्या टेबलात जीव गुंतला असेल तर ट्रान्सफॉर्मरसकट आणा, कॉलेटची काळजी घेऊन. क्लॅम्प, रंधे, पटाश्या सगळ्या आणा, त्यांना ना व्होल्ट ना हर्ट्झ. आणि तुम्ही जाताय कुठे ते बघा. १८९५ साली फाइन कंपनीनं विजेवर चालणारं पहिलं हातड्रिल श्टुटगार्टमध्येच बनवलं. बॉशच्या पॉवर टूल्सचं मुख्यालय शहराला लागून लाइनफेल्डनमध्ये आहे, मेटाबो न्युर्टिंगनमध्ये, फेस्टूल वेंडलिंगनमध्ये, सगळी तुमच्या घरापासून रविवारच्या सायकलफेरीच्या अंतरावर. २०१७ साली सॉस्टॉप विकत घेतली तीही फेस्टूलच्याच मालक कंपनीनं. तिथे मशिनं घेऊन जाणं म्हणजे कोकणात नारळ घेऊन जाणं. क्लाइनअनझाइगन या जुन्या वस्तूंच्या जर्मन वेबसाइटवर 'टिशक्राइझसेगं', म्हणजे टेबल सॉ, असं शोधा. निवृत्त सुतारांच्या, तेल-पाणी नीट केलेल्या सॉ मिळतात, फक्त मोटर ४०० व्होल्टची तीन फेजची नाही ना ते आधी विचारा. तळघरात तीन फेजचं लाल सॉकेट असेलच असं नाही.

राहता राहिलं तुमचं उभं ड्रिल मशीन. त्याच्यावर मी अजून निकाल दिलेला नाही. मोटरवरची पाटी ओल्या फडक्यानं पुसा आणि फोटो टाका. '११५/२३०' आणि '५०/६०' असे दोन्ही जोड तिच्यावर असतील तर माझं वरचं सगळं ड्रिलपुराण तुम्हाला लागू नाही. झाकणातल्या दोन तारा बदलून ती थेट २३० वर चालेल, ट्रान्सफॉर्मरशिवाय. फक्त बेल्ट एका पायरीनं वर चढवा.